सायकलला मिळालेल्या चौदा कॅलरी

हॉस्पिटलच्या व्यायाम विभागातल्या शेख मॅडम मला म्हणाल्या, "काका, नव्या पेशंटसाठी काहीतरी लिहा. ॲटॅक आला की माणूस लई घाबरतो. तुम्ही कसं निभावलं ते सांगा." त्यांना वाटलं असणार की मी पथ्य, व्यायाम आणि धीर यांबद्दल लिहीन. पथ्य माझ्या बायकोनं पाळलं आणि धीर मी ठेवला नव्हता. उरला व्यायाम. त्याबद्दल लिहितो. पण त्यात मी दोनदा खोटा वागलो आहे. ते गाळलं तर हे लिहिणंसुद्धा तिसरं खोटं होईल.

माझं काम

मी कारखान्यात वेळ मोजायचो. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात पॅड. कामगार मशीनवर एक नग किती वेळात काढतो ते बघायचं आणि त्यावरून पाळीला किती नग निघाले पाहिजेत ते ठरवायचं. शिवाय माणूस नेहमीच्या वेगानं काम करतोय, की घड्याळ बघून अंग चोरतोय, हेही आम्हीच ठरवायचो. त्याला रेटिंग म्हणत; नेहमीचा वेग म्हणजे शंभर. आधी चिकलठाण्याला आठ वर्षं, मग वाळूज वाढलं तसा तिकडच्या मोठ्या कारखान्यात. कामगार मला पाठीमागं घड्याळवाला म्हणायचे. मला ते आवडायचं.

माझे वडील फुलंब्रीकडं मेंढरं राखायचे. घरात डिप्लोमा करणारा मी पहिला. दीडशे मेंढरांत एखादं मागं पडलं तर वडील आधी त्याचा खूर उचलून बघायचे. मला ते अडाणीपणाचं वाटे. मी आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस, आणि त्याची मला घमेंडही होती.

तो दिवस

सकाळची पाळी होती. ड्रिलिंगच्या एका कामगाराचं टायमिंग घेत होतो. सहावा नग चालू असताना डाव्या हाताला मुंग्या आल्यासारखं झालं, मग छातीवर कोणी पोतं टाकावं तसं. मी घड्याळ बंद केलं नाही. एवढा नग होऊ दे, मग बसू, असं मनात आलं. नंतरचं आठवतं ते एवढंच की ज्याचं टायमिंग घेत होतो त्यानंच मशीन बंद करून मला उचललं होतं आणि त्याच्या अंगाला कूलंटच्या तेलाचा वास येत होता.

कंपनीच्या गाडीतून शहरात आणत असताना वाटेत मोर्चा लागला. विद्यापीठाच्या नामांतराचा. त्या वर्षी महिन्यातून एकदा तरी रस्ता असा भरायचा. मी गाडीत आडवा होतो. काचेतून निळे झेंडे तेवढे दिसत होते. मनात आलं, संपलं, आता ही गाडी इथंच राहणार.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "पेशंट हाय, पेशंट. सरका रे बाजूला." झेंडे दोन्हीकडं झाले आणि गाडी न थांबता गेली.

इथं एक सांगायला हवं. मी नामांतराच्या विरोधात कधी कुठं उभा राहिलो नव्हतो. पण कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलावर या मोर्च्यांवर विनोद व्हायचे तेव्हा मी हसायचो. चांगला पोट धरून हसायचो.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की हार्ट ॲटॅक आहे, मोठा नाही, पण लहानही नाही. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. बायको, शांता, पदर तोंडाशी धरून उभी होती. मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "कामावर कधी जाता येईल?" डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती.

खाट

पहिले दिवस फार मोठे होते. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग पुसपास, मग राउंड. कुशीवर वळायचं तर सिस्टरला विचारायचं. लघवीसाठी भांडं मागायची इतकी लाज वाटायची की मी पाणी पिणं कमी केलं, आणि त्यावरून सिस्टरनं सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं. शेजारच्या खाटेवर देवगाव रंगारीचे एक म्हातारे शेतकरी होते. ते म्हणाले, "अहो, भांडं मागायाची कसली शरम? शरम वाटावी अशी कामं आपुन उभ्यानं करतो." ते सहज बोलले होते. पण मला ते लागलं.

भीती कशी असते ते नव्या पेशंटला सांगतो. मरणाची भीती चार-पाच दिवसांत बोथट होते. त्यानंतर निरुपयोगी होण्याची भीती येते, आणि ती उतरत नाही. कंपनीनं कळवलं होतं की तीन महिन्यांत 'कामावर रुजू होण्यास योग्य' असा दाखला आणला तर जागा राहील, नाहीतर पुढचं बघावं लागेल. पुढचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तसे कागद मीच इतरांसाठी तयार केले होते.

मी शांतावर चिडायला लागलो. बिनमिठाची भाजी आणली की ताट सरकवायचो. ती ते उचलून तासाभरानं पुन्हा गरम करून आणायची. एकदा म्हणाली, "माझ्यावर काय चिडता? म्या काय केलं तुमच्या काळजाला?" तरी मी माफी मागितली नाही.

सायकल

घरी सोडल्यावर आठवड्यातून तीन दिवस व्यायाम विभागात यायचं होतं. तिथं एका जागी उभी असलेली सायकल. पुढं एक जड चाक, त्याच्याभोवती पट्टा, पट्टा आवळायला एक मूठ आणि बाजूला किती किलोचा ताण आहे ते दाखवणारा काटा. मिनिटाला पन्नास फेरे, काटा एक किलोवर, असं सलग वीस मिनिटं जमलं की डॉक्टर दाखल्यावर सही करणार.

पहिल्या दिवशी मी सहा मिनिटांत खाली उतरलो. तिसऱ्या आठवड्यात बारा मिनिटं झाली आणि तिथंच अडकलो. बारा मिनिटं झाली की पिंढऱ्या भरून यायच्या आणि तोंडाला कोरड पडायची. समोर भिंतीवर घड्याळ. आयुष्यभर ज्याच्या जिवावर जगलो, ते आता माझ्यावर लावलेलं होतं.

मग मी तेच केलं जे कामगार माझ्यासमोर करतात असा मला आयुष्यभर संशय होता. शेख मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या की मी हळूच मूठ सैल करायचो. काटा पाव किलोवर यायचा, पाय हलके व्हायचे. त्या वळल्या की पुन्हा आवळायचो. वहीत मी लिहिलं, पंधरा मिनिटं. मग सतरा.

शांता दारात पिशवी घेऊन बसलेली असायची. तिनं बघितलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तिकडं एखाद्यानं असं केलं की तुम्ही कागदावर काय लिहिता?"

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

"काय नाय कळत," ती म्हणाली. "तुमचं काळीज तुमचंच हाय, एवढं कळतं." पुढचे दोन दिवस ती चहा आणून ठेवायची आणि निघून जायची.

चौदा

वहीत एक रकाना होता: अंदाजे किती कॅलरी खर्च झाल्या. बाकीचे पेशंट तो मोकळा सोडायचे. मी हिशेबी माणूस. एकदा मी मॅडमना म्हणालो, हा मी स्वतः काढून दाखवतो.

त्या दिवशी माझी वीस मिनिटं पूर्ण झाली होती. अर्थात सैल मुठीची. मी कागदावर मांडलं. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा घेर सहा मीटर सरकतो. एक किलोचा ताण, मिनिटाला पन्नास फेरे, वीस मिनिटं. सहा हजार. एका कॅलरीत एक किलो चारशे सत्तावीस मीटर ओढला जातो, म्हणून त्याला भागलं चारशे सत्तावीसनं. उत्तर आलं चौदा.

"चौदा कॅलरी," मी म्हणालो. "एवढा घाम गाळून चौदा? चहातल्या एका चमचा साखरेत याहून जास्त असतात. तुमची ही सायकल फुकट आहे, मॅडम."

त्यांनी कागद बघितला. "गुणाकार बरोबर आहे, काका. पण हा सायकलचा हिशेब झाला. तुमचा कुठंय?"

"म्हणजे?"

"चौदा सायकलला मिळाल्या. तुमच्या अंगानं किती खर्च केल्या ते तर तुम्ही धरलंच नाही. अंग काय असं शंभर टक्के पायडलला देतं? चार-पाच भाग खर्च होतात तेव्हा एक भाग चाकापर्यंत जातो. बाकी सगळी गरमी. हा घाम आला तो कशाचा? श्वास लागला तो? साठ-सत्तर तर त्यातच गेल्या. वर नुसतं जिवंत राहायला अंग खातं ते वेगळं."

मी म्हणालो, मग पक्का आकडा सांगा.

"पक्का नसतोच. अंदाजा असतो. माणूस जाड की बारीक, जेवून आला की उपाशी, झोप झाली की नाही, घरून कसा आला, हे सगळं बघावं लागतं. तुम्ही रिक्षानं येता. समजा चालत आला असता तर हीच वीस मिनिटं तुम्हाला डोंगर झाली असती. चाकाला यातलं काही कळत नाही. चाक म्हणतं चौदा." मग त्यांनी माझी नाडी धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मूठ सैल केली की तेवढ्याही नाहीत. मला माहीत आहे, काका. वहीत मी तुमची बाराच मिनिटं धरते. खोटं कशाला, दिल तुमचंच आहे ना?"

चोरी पकडली गेली म्हणून मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुसरंच काही आठवलं होतं. 'घरून कसा आला' हे शब्द मी पंधरा वर्षांपूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकले होते, आणि त्यावर मी दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ होतं.

साळवे

चिकलठाण्याच्या कारखान्यातली गोष्ट. नामांतराचा ठराव झाला होता आणि खेड्यापाड्यांत बौद्धांच्या वस्त्या पेटल्या होत्या. आमच्या ड्रिलिंगला साळवे नावाचा बदली कामगार होता. पंचविशीतला, सडपातळ, कमी बोलणारा. त्याला कायम करायचं की नाही ते माझ्या कागदावर ठरणार होतं.

मी घड्याळ लावलं. त्याचा हात नीट होता, पण संथ. एक नग काढला की मशीनच्या खांबाला टेकायचा. पाच नगांनंतर तो म्हणाला, "साहेब, आठ दिस थांबता का? घराकडं गडबड झाली. बहिणीच्या गावी राह्यलो. बारा किलोमीटरवरून सायकल मारून येतोय. घरून कसा आलो ते जरा धरा."

गडबड म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत ते सगळ्यांना कळत होतं. आदल्या रविवारीच मी गावी गेलो होतो आणि पारावर आमचेच लोक त्याबद्दल काय बोलतात ते मान हलवत ऐकून आलो होतो.

मी साळवेला म्हणालो, "फाटकाच्या बाहेरचं मी मोजत नाही."

आणि पॅडवर लिहिलं: 'हा इसम मुद्दाम हळू काम करतो.' सही केली. महिनाअखेरीस त्याला काढलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढं पंधरा वर्षं ते वाक्य मी नव्या पोरांना अभिमानानं शिकवलं, की फाटकाच्या बाहेरचं आपण मोजत नसतो.

माझं पहिलं खोटं हे. मूठ सैल करणं त्यानंतरचं आणि त्यामानानं फारच लहान.

त्या संध्याकाळी मी शांताला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती म्हणाली, "मला का सांगता? मी काय साळवे हाय?"

बिडकीन

त्यानंतर मी मुठीला हात लावला नाही. बारा मिनिटांवरून खरी वीस व्हायला सहा आठवडे लागले. कंपनीची मुदत संपायला चार दिवस राहिले असताना डॉक्टरांनी सही केली. 'कामावर रुजू होण्यास योग्य.' तो कागद हातात आल्यावर जो आनंद होईल असं तीन महिने वाटत होतं, तो झाला नाही. रुजू झालो आणि घड्याळाचं काम सोडून स्टोअर मागितलं.

जुन्या कारखान्यातल्या एका क्लार्ककडून कळलं की साळवे आता बिडकीनला राहतात, गवंडीकाम करतात. रविवारी मी एसटीनं गेलो. खिशात एक कागद होता. तो मी चार दिवस खपून तयार केला होता. पन्नास किलोचा माणूस, जुनी जड सायकल, कच्चा रस्ता, जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. पाचशेच्या वर कॅलरी. त्यावर पाळीचं उभं काम. शेवटी लिहिलं होतं की हे धरलं असतं तर तुमचं रेटिंग शंभराच्या वर येतं, चूक माझी होती. माफी मागायला जातानाही मी आकडे घेऊन गेलो होतो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

साळवे ओट्यावर थापी धूत बसले होते. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मला बघून उठले. "घड्याळवाले साहेब ना?" त्यांनी लगेच ओळखलं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी आजारपण सांगितलं, सायकलचं सांगितलं आणि कागद पुढं केला. त्यांनी आतून चष्मा मागवला आणि सगळा कागद सावकाश वाचला. दोनदा वाचला.

"सायकल कुठली, साहेब?" ते म्हणाले.

"तूच म्हणाला होतास ना…" पंधरा वर्षांपूर्वीसारखंच तोंडातून 'तू' निघालं. मी थांबलो. "तुम्ही म्हणाला होता. सायकल मारून येतो म्हणून."

"व्हय, म्हणालो व्हतो. सायकल तर घरासंगंच जळाली. पायी येत व्हतो. पहाटं चारला निघायचो."

सायकल स्टँड माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून दिसायचा. नुसती मान वळवली असती तरी कळलं असतं.

"मग सायकल का सांगितलीत?"

"पायी येतो म्हणलं असतं तर तुम्ही म्हणला असता, हा दमूनच येतो, घड्याळ तरी कशाला लावायचं, घाला घरी. सायकल म्हणलं की जरा बरं वाटंल, असं वाटलं." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही लिहिलेलं हेडक्लार्कनं वाचून दाखविलं व्हतं. समद्यांच्या पुढं. आई तवा बहिणीच्या घरी आजारी व्हती. तिला म्या सांगितलं, कारखानाच बंद पडला."

"माझं चुकलं, साळवे."

"चुकलं तर खरं," ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत, आणि 'जाऊ द्या'ही म्हणाले नाहीत. कागदाची नीट घडी करून त्यांनी तो मला परत दिला. मी तो खिशात घातला. चेहरा इतका गरम झाला होता की पुन्हा काही होतंय की काय असं वाटलं.

चहा आला. त्यांनी डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं, जिने चढायची परवानगी आहे का ते विचारलं. वाळूजला आमच्या कंपनीची कंपाउंडची भिंत त्यांच्याच हातची आहे, असंही बोलता बोलता सांगितलं. रोज मी त्याच भिंतीच्या आत जातो.

निघालो तेव्हा ते एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. मी नको म्हणालो, तरी आले. ऊन होतं आणि रस्ता थोडा चढाचा. गवंड्याचे पाय, दिवसभर परातींबरोबर वर-खाली करणारे. वाटेत ओळखीच्या माणसानं हाक मारली, तर तिकडं झपाझप गेले आणि दोन शब्द बोलून तसेच झपाझप परत आले. माझ्याजवळ आल्यावर मात्र त्यांचं पाऊल लहान झालं. मला धाप लागली की ते एखाद्या घराच्या सावलीला थांबायचे, चप्पल झटकायचे, काहीतरी निमित्त काढायचे. मी निघालो की निघायचे.

स्टँड दिसू लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. साळवे माझ्यासाठी मुद्दाम हळू चालत होते.